टेकडीवरची सवत

जून लागला की कोबेतली माणसं बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवतात. मीही ठेवते. इथल्या या पावसाळ्याला त्सुयु म्हणतात. त्याला गडगडाट नाही, वारा नाही, कसलंच नाटक नाही. कोणीतरी शहरावर एक ओला पंचा वाळत घालावा आणि तो महिना-दीड महिना वाळूच नये, असा हा ऋतू. डब्यातली साखर चिकटते, पापड वाकतात, कपाटातल्या साड्यांना वास येतो. आणि माझ्या पोटात एक जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

मत्सर हा शब्द फार पुस्तकी आहे. आम्ही घरात जळणं म्हणतो. दमट हवेत जळणाऱ्याचा धूर जास्त होतो, हे मला त्या एका जूनमध्ये कळलं.

या रविवारीही मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सकाळी रबरी बूट चढवले, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि तो टेकडीकडे निघाला. बँकांची सॉफ्टवेअर सांभाळणारा हा माणूस. आठवड्याचे पाच दिवस त्याला उठवायला मला तीनदा हाक मारावी लागते. रविवारी तो आपला आपण उठतो. त्याच्या पाठमोऱ्या छत्रीकडे बघताना मला ते वर्ष आठवतं. तेव्हा मी त्या घराला सवत म्हणत असे. थट्टेत म्हणत असे, असं मी मैत्रिणींना सांगायची.

कोबेत पत्ता सांगताना डावं-उजवं म्हणत नाहीत. डोंगराकडे आणि समुद्राकडे म्हणतात. ते घर डोंगराकडे. जुन्या काळी बंदर परदेशी लोकांसाठी खुलं झालं तेव्हा इथे बरेच गोरे व्यापारी आले आणि त्यांनी चढावर टोलेजंग घरं बांधली. पर्यटक ती बघतात, फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि खाली उतरतात. हे घर त्या सगळ्यांच्या वर, टॅक्सी जिथे हात टेकते त्याच्याही वर आहे. एका परदेशी जहाज-सुताराने ते बांधलं. बायकोला घेऊन आला आणि परत गेलाच नाही. खाली दोन खोल्या, वर दोन, समोर एक अरुंद व्हरांडा. बस, एवढंच. आमच्याकडे गावच्या स्टेशनमास्तरचं घर याहून मोठं असायचं.

पंचाण्णव सालच्या मोठ्या भूकंपात त्याचं धुराडं छपरातून आत कोसळलं. मग कित्येक वर्षं ते निळ्या ताडपत्रीखाली पडून होतं. शेवटी आजूबाजूच्या लोकांनीच मंडळ काढलं, एकेक फळी सोडवली, तिच्यामागे आकडा घातला आणि सगळं पुन्हा उभं केलं. रंगाचे थर खरवडून अगदी तळाचा रंग शोधला. कच्च्या कैरीच्या आतल्या बाजूसारखा फिकट हिरवा. खिडक्यांना जुन्याच काचा आहेत, किंचित लाटा असलेल्या. त्यांतून बघितलं की खालचं बंदर, क्रेन, जहाजं, सगळं हळूच थरथरतं.

बागेची गोष्ट वेगळी. त्या सुताराच्या बायकोने तिथे गुलाब लावले होते, असं जुन्या फोटोंत दिसतं. मंडळाने गुलाब लावायचे नाहीत असं ठरवलं. फक्त या डोंगरावर आपणहून उगवतं तेवढंच लावायचं. म्हणजे घर परक्याचं आणि बाग अस्सल इथली. कुणाकुणाला ते विचित्र वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटलं. गुलाबांना कीड फार लागते.

मिलिंद तिथे अडकला तो कोलेस्टेरॉलमुळे. डॉक्टरांनी चढ चढायला सांगितला होता. चढता चढता एका फाटकाशी दम खायला थांबला, तर आतून एक म्हातारी बाई म्हणाली, "ही बादली जरा धरता का?" त्या ओनिशी-सान, बागेच्या प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आयुष्यभर बंदरात जहाजांना सामान पुरवणाऱ्या कचेरीत नोकरी केलेली. मिलिंदने बादली धरली ती आजतागायत धरूनच आहे.

आम्ही पूर्वी टोकियोत ओजिमाला राहत होतो तेव्हा माझी बाल्कनीतली तुळस त्याने दोनदा सुकवली होती. मी पुण्याला गेले होते, तो घरात होता, नळ चार पावलांवर होता. विचारलं तर म्हणाला, "अगं, लक्षात नाही राहिलं." आणि हाच माणूस आता जेवताना मला सांगायचा, "ते छोटं जांभळं फूल आहे ना, त्याला दुपारचं ऊन नको असतं. सकाळचं चालतं." मी पानात आमटी वाढत होते. मला कुठलं ऊन चालतं हे त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्या बागेत काम करायची एक रीत आहे. ओळखता येत नाही असं काहीही उपटायचं नाही. अनोळखी रोप दिसलं की त्याच्याशेजारी बांबूची काडी रोवायची, वर लाल फीत बांधायची आणि फूल येईपर्यंत थांबायचं. फूल आलं की ते कोण आहे ते कळतं. मग ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं. लाल फितीच्या काड्यांभोवती ती सगळी वयस्कर मंडळी उकिडवी बसायची, चष्मे वर-खाली करायची, आणि त्यांच्यात माझा नवरा, ज्याला गुडघेदुखीमुळे गणपतीसमोर मांडी घालता येत नव्हती.

मी कधीमधी डबा घेऊन वर जायची आणि व्हरांड्यात बसायची. ओनिशी-सान मला "ओकु-सान" म्हणायच्या. म्हणजे कुणाचीतरी बायको. जपानी रीतीत त्यात वाईट काही नाही, आदरच आहे. पण मिलिंदला मात्र त्या त्याच्या नावाने हाक मारायच्या, आणि ती हाक टेकडीभर ऐकू जायची. "मिरिंदो-सान, इकडे या. मिरिंदो-सान, हे बघा." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईवर जळणं मला शोभत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी घरावर जळत असे. घराला वय विचारावं लागत नाही.

मुलीला फोनवर सांगितलं. इरा ओसाकात नोकरी करते. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते आणि रागावली की इंग्रजीत. त्या दिवशी मात्र मराठीत बोलली, म्हणजे मजा येत असणार. "आई, बाबांचं अफेअर आहे, पण लाकडाशी," म्हणाली. "तू भाग्यवान आहेस."

खरं सांगायचं तर त्या घरात माझा जीव आणखी एका ठिकाणी अडकायचा. स्वयंपाकघरात. तिथे भिंतीला एक फळी आहे आणि तिच्यावर वाटोळा काळा डाग. सुताराच्या बायकोने कधीतरी तापलेलं भांडं तसंच टेकवलं असणार. मंडळाने तो डाग घासला नाही. त्याच्यावर काच बसवली आणि शेजारी नीट अक्षरांत चिठ्ठी लावली: या बाईंची किटली इथे असे. लोक वाकून बघतात. एक आजी तर हात जोडून उभ्या राहिलेल्या मी बघितल्या आहेत.

मला ओजिमाचं घर आठवायचं. तिथे सरकारी इमारतींच्या रांगा आहेत, अर्ध्या मजल्यांवर आपले लोक, शनिवारी जिन्यात फोडण्यांचे वास. बारा वर्षं राहिलो आम्ही. सोडताना नियम असा की घर मूळ स्थितीत करून द्यायचं. मी ओट्याच्या कडेचे हळदीचे डाग पांढऱ्या स्पंजाने घासले, खिळ्यांची भोकं लांबी लावून बुजवली, देव्हाऱ्यामागचा धुराचा ठसा पुसला, खिडकीच्या चौकटीत अडकलेली मोहरी सुईने टोकरून काढली. घर ताब्यात घ्यायला आलेला तरुण बॅटरी घेऊन कोपरे बघत फिरला. मग त्याने नाक वर करून हुंगलं आणि तो फार नम्रपणे म्हणाला, "थोडा वास आहे." भिंतींचा कागद बदलावा लागला. बारा वर्षं राहिलो आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे कोणीच राहिलेलं नव्हतं.

मी बंदराजवळ एका भारतीय व्यापाऱ्याच्या गोदामात डाळी-मसाल्यांची आवक-जावक बघते. पोती येतात, पोती जातात, जमीन झाडून स्वच्छ. मला पुसून टाकण्याचं दुःख वगैरे नाही. पण एका बाईने फळी जाळली तर तिला काच मिळते, आणि दुसरीने नुसती फोडणी दिली तर कागद बदलावा लागतो, हे काही मला त्या व्हरांड्यात बसून गिळता येत नव्हतं. ती बाईही आमच्यासारखीच नवऱ्यामागून आली होती. तिलाही भाषा येत नसणार. मासळीवाल्याशी खुणांनी बोलली असेल. तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की ती परत गेली नाही.

आणि आम्ही जाणार होतो. ते ठरलं होतं. आदल्या दिवाळीत, फराळाची ताटं समोर असताना, दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्या जूननंतर येणाऱ्या मार्चमध्ये मिलिंदचं कंत्राट संपलं की पुण्याला. कोथरूडचा फ्लॅट आहेच. त्यात गौरी नावाची एक मुलगी, तिचा नवरा आणि चार वर्षांचा मुलगा असे भाडेकरू होते. गौरी दर महिन्याला गोड आवाजात विचारायची, "काकू, नक्की झालं का? जवळच्याच शाळेत घालायचं म्हणतोय याला. राहणार नसू तर तिथे प्रवेश घेऊन उपयोग नाही." मी म्हणायची, सांगते. आणि तो जून संपायच्या आत सांगायचं मी कबूल केलं होतं.

त्याच जूनमध्ये बागेत लिली उमलली. तिला इथे सासायुरी म्हणतात. पानं बांबूच्या पानांसारखी, म्हणून फूल येईपर्यंत ती बांबूच्या झुडपात लपून राहते. फूल फिकट गुलाबी, मान खाली घातलेलं, आणि वास असा की पावसातही फाटकापर्यंत येतो. मी नावाजलं. ओनिशी-सान खूश झाल्या. मला हाताला धरून एका कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे जाळी लावलेला छोटा वाफा होता. आत नुसती काळी माती, एक काडीदेखील नाही.

"या मिरिंदो-सानच्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लिली. नोव्हेंबरात बिया पेरल्या त्यांनी. पहिलं पान यायलाच दीड वर्ष. फूल सातव्या वर्षी." मग माझ्याकडे बघून थोड्या थबकल्या. "रानडुक्कर आलं नाही तर."

मी मान डोलावली, सुंदर आहे म्हणाले. रिकाम्या मातीला आणखी काय म्हणणार?

टेकडीवरून उतरताना मी मनात हिशेब मांडला, आणि तो फार सोपा होता. दिवाळीत आमचं ठरलं. नोव्हेंबरात त्याने बिया पेरल्या. माझ्या माहेरचं लग्न असो की नाकातल्या हाडाचं ऑपरेशन, सात दिवस पुढचं ठरवायचं म्हटलं तरी "बघू" म्हणणारा माणूस. त्याने सात वर्षांपुढचं फूल मातीत घातलं आणि घरी येऊन मला म्हणाला होता की आज फार चिखल होता.

मी घरी काही बोलले नाही. भांडायला मला वेळ लागत नाही, पण भांडणात समोरच्याने काहीतरी नाकबूल करावं लागतं. हा माणूस कबूल झाला असता, मग मी काय करणार होते? म्हणून गप्प राहिले आणि आतल्या आत धुमसत राहिले. ते दिवस आठवले की अजून नाकात तो ओल्या कपड्यांचा वास येतो. फॅनखाली वाळत घातलेले त्याचे मातीचे मोजे आणि मी.

मेथीचं प्रकरण त्यातलंच.

घरच्या भाजीच्या साली, देठं, चहाचा चोथा मिलिंद पिशवीत भरून बागेच्या खतखड्यात नेऊन टाकायचा. पालिका जाळायला नेते त्या कचऱ्याच्या पिशवीत हे न घातल्याचा त्याला फार अभिमान. वसंतात मी कपाट आवरलं तेव्हा मेथीदाण्यांच्या पाकिटाला जाळी धरलेली दिसली. मी ते दाणे सालींत ओतले. पिशवी टेकडीवर गेली, खत झालं, खत वाफ्यांत पडलं, आणि दाण्यांना जे करायचं असतं ते त्यांनी केलं.

एका रविवारी मी डबा घेऊन वर गेले तर सगळे एका लाल फितीभोवती गोळा झालेले. तीन-तीन पानांचं टवटवीत रोप. एक आजोबा भिंग लावून बसले होते. रानातल्या क्लोव्हरची कुठलीतरी जात असावी, असं एकाचं म्हणणं पडलं. दुसरे म्हणाले, असं पान या डोंगरावर त्यांनी पाहिलेलं नाही. कदाचित फार जुनं बी मातीत निजून राहिलं असेल आणि आता जागं झालं असेल. त्यावर सगळ्यांनी आदराने "हो..." असा लांब सूर काढला. मिलिंदने फोटो काढले. वाफ्यावर एक छोटी छत्री लावली, मुसळधार आला तर कोवळं देठ मोडू नये म्हणून.

मी व्हरांड्यातून बघितलं. ती मेथी होती. मी जन्मभर मेथी निवडत आले आहे. अंधारात, पाठमोरी बसूनही ओळखीन. आणि माझा नवरा, जो लहानपणापासून दर हिवाळ्यात मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीची डाळ खात आला, तो तिच्यापुढे गुडघे टेकून तिचं नाव शोधत होता.

मी सांगितलं नाही. का सांगू? माझ्या स्वयंपाकघरातून निघालेल्या कुठल्याही गोष्टीची इतकी वाट कधी कुणी पाहिली नव्हती. दर रविवारी मी लवकर डबा करून वर जाऊ लागले. मिलिंदला वाटलं मला बाग आवडायला लागली. आजोबा म्हणायचे, एक बोट वाढलं. ओनिशी-सान म्हणायच्या, घाई नको. मी लिंबूभात वाढायची आणि म्हणायची, सुंदर आहे.

फूल आलं तेव्हा जून संपत आला होता. पिवळसर पांढरं, अगदी साधं. मेथीच्या फुलाने कुणाचे डोळे दिपत नाहीत. ओनिशी-सान वाकल्या. त्यांनी एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि मिलिंदकडे नाही, भिंगवाल्या आजोबांकडे नाही, थेट व्हरांड्यात माझ्याकडे बघितलं.

"ओकु-सान," त्या म्हणाल्या, "याला तुमच्या डब्याचा वास येतो."

मी म्हणाले, "हो. माझंच आहे ते."

मग भिंगवाले आजोबा इतके हसले की त्यांना खोकला लागला आणि पाणी द्यावं लागलं. ओनिशी-सान हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बी धरायच्या आत काढायला हवं. मी म्हणाले, अर्थात. पायऱ्या उतरून गेले, बुडापाशी धरून उपटलं, मुळांची माती झटकली आणि रिकाम्या डब्याच्या पिशवीत भरलं. यातून कुणी काही बोध काढू नये. परक्या जमिनीत रुजणं आणि उपटलं जाणं वगैरे. मेथी होती, फुलावर आली की जून होते आणि कडू लागते. तरी मी ती डाळीत घातली.

उतारावरून खाली येताना मिलिंदने माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "तुला माहीत होतं."

"पहिल्या रविवारपासून."

"मग सांगितलं का नाहीस? त्या म्हाताऱ्या माणसांसमोर माझं हसं झालं."

"तुमचीच रीत आहे ना? फूल येईपर्यंत थांबायचं."

"शुभा, हे बरं नाही केलंस."

"आणि सात वर्षांच्या बिया पेरून घरी येऊन चिखलाच्या गोष्टी सांगितल्यास, ते बरं केलंस?"

तो थांबला. त्या चढणीवर पावसाचं पाणी वाहून जायला मधोमध चर आहे. त्याच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी. दोन छत्र्या.

"त्या राहायचं म्हणून नाही पेरल्या," तो म्हणाला.

"मग कशाला पेरल्या?"

"बिया तेव्हा पिकल्या होत्या. ताज्याच पेराव्या लागतात. आपलं दिवाळीत काय ठरलंय ते त्या बियांना कुठून कळणार?"

"आणि मार्चमध्ये निघशील तू?"

"निघेन की. तू म्हणशील तर."

तू म्हणशील तर. एवढंच बोलून तो मोकळा झाला आणि चर ओलांडून माझ्या बाजूला आला, जणू भांडण मिटलं. मी मात्र खालच्या स्टेशनपर्यंत त्या तीन शब्दांवर चालत राहिले. मी म्हटलं असतं तर तो खरोखर आला असता. कुरकुर न करता बॅगा भरल्या असत्या, घर मूळ स्थितीत करून दिलं असतं. मग कोथरूडच्या बाल्कनीत चहाचा कप घेऊन बसला असता आणि मनात वर्षं मोजली असती. आता पान आलं असेल. आता दुसरं. मी समोर बसून त्याला बिस्किटं देत राहिले असते. सवतीला इथे सोडून जाता आलं नसतं. ती सामानात भरून बरोबरच आली असती.

आणि मला काय हवं होतं? पुण्याला जायचं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले होते की मला खरंच जायचं आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं होतं. त्या आठवड्यात गोदामात तुरीच्या पोत्यांवर खुणा करता करता मी तपासलं. पुण्यात बहीण आहे. भाजी ताजी मिळते. दातांच्या डॉक्टरला दुखणं माझ्या भाषेत सांगता येतं. यापुढे मला काही सुचेना. मिलिंदला या शहरात एक रिकामा वाफा हवासा वाटत होता, सात वर्षं पुढचा. मला इथलं काही हवंसं वाटलं नव्हतं, तिथलंही उरलं नव्हतं. मी घरावर जळत नव्हते, ओनिशी-सानवरही नाही. मी त्याच्यावर जळत होते. कुठल्याही फाटकाशी दम खायला थांबावं आणि कुणीतरी बादली हातात द्यावी, हे त्याला किती सहज जमलं होतं. मी त्याच बागेत महिनोन् महिने डबे घेऊन गेले आणि एकदाही खाली उतरून कुणाला विचारलं नाही की खुरपं कुठे आहे.

गौरीचा फोन आला तेव्हा मी कपडे घडी करत होते.

"काकू, ठरलं का हो?"

"राहा तुम्ही," मी म्हणाले. "घाल मुलाला शाळेत."

"किती वर्षं धरून चालू?"

"बरीच धर."

तिला इतका आनंद झाला की तिने मला व्हिडिओवर सगळं घर फिरवून दाखवलं. हॉलला पिवळा रंग दिला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गवती चहाची कुंडी होती आणि ओट्याजवळ तिच्या मुलाने चिकटवलेली वाघाची चित्रं. घर छान दिसत होतं. मी राहत होते तेव्हा इतकं छान कधीच दिसलं नव्हतं. मी म्हणाले, छान केलंस, आणि फोन ठेवून उरलेले टॉवेल जरा जोरातच झटकले.

मिलिंदला जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"मला विचारायचं तरी."

"तू विचारलंस पेरताना?"

त्याने दही मागून घेतलं. त्याचा चेहरा उजळलेला मला दिसत होता, आणि तोही मला सहन होत नव्हता.

पुढच्या बुधवारी मी गोदामातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि त्याला न सांगता टेकडी चढले. बुधवारी मंडळातले फार थोडे येतात. ओनिशी-सान एकट्याच होत्या, कुंपणाशी वाकलेल्या. रानडुकराने जाळीला धडक मारून एक खांब कलता केला होता. लिलीच्या वाफ्यापासून दोन हातांवर माती उकरलेली होती.

"मिरिंदो-सान आज...?" त्यांनी माझ्या मागे बघितलं.

"ऑफिसात आहे. मी आलेय."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मी गोदामातल्या बुटांत होते. मी खांब सरळ केला, पायाने माती दाबली. माझ्या पिशवीत पोती बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतातच. त्या पट्ट्यांनी मी जाळी खांबाला आवळून बांधली, आम्ही पन्नास किलोच्या पोत्याला मारतो तशी गाठ मारून. ओनिशी-साननी दोन्ही हातांनी जाळी ओढून बघितली. हलली नाही.

"मिरिंदो-सानच्या गाठी सुटतात," त्या म्हणाल्या.

मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग त्यांनी मला दोकुदामी उपटायला बसवलं. हे इथलंच तण, पण इतरांना जगू देत नाही, म्हणून आवरावं लागतं. उपटलं की असा उग्र दर्प येतो की हात साबणाने तीनदा धुतले तरी जात नाही. भुरभुर पाऊस पडत होता. मी घराच्या सावलीतली अख्खी पट्टी साफ केली. ओनिशी-सान मधे एकदा येऊन बघून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत, याचा अर्थ काम बरोबर चाललं होतं. निघताना त्यांनी माझं नाव विचारलं. दोनदा म्हणून बघितलं. जमलं नाही. "पुढच्या बुधवारपर्यंत जमेल," म्हणाल्या.

संध्याकाळी मिलिंद घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकला.

"दोकुदामीचा वास येतोय."

"हो."

"तू वर गेली होतीस? बुधवारी? एकटी?"

"डुकराने जाळी पाडली होती. बांधली मी."

"कुठली जाळी? माझ्या वाफ्याची?" तो आत आला. "त्यांनी मला फोन का नाही केला? आणि काय म्हणाल्या त्या?"

"पुढच्या बुधवारी या म्हणाल्या."

तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. मग येऊन पानावर बसला. मी आमटी वाढली. त्याने एक घोट घेतला आणि मीठ जास्त झालंय म्हणाला.

झालं नव्हतं.